पोरांनी चालवलेले बोर्डिंग

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गावच्या शाळेत पाण्याची टाकी कुठे बसवायची, दुपारची खिचडी कशी झाली, एसटीच्या वेळेला शाळा सुटते की नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, या गोष्टी कोण ठरवते? मुख्याध्यापक, सरपंच, समितीचा अध्यक्ष, वरून आलेले पत्रक. ज्याला ते पाणी प्यायचे आहे आणि ती खिचडी खायची आहे, त्या पोराला कुणी विचारले का? बहुतेक ठिकाणी नाहीच. पोराला काय कळतंय, असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण आपल्याच मातीत एक माणूस होऊन गेला. पोरांना काय कळतंय, असे त्याने कधी म्हटले नाही. भाकरी थापण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत सगळे त्याने पोरांवर सोपवले. त्याचे नाव तुम्हाला पाठ आहे. भाऊराव पायगोंडा पाटील, म्हणजे आपले कर्मवीर अण्णा. त्यांचा फोटो प्रत्येक हायस्कुलाच्या ऑफिसात असतो, सप्टेंबरात जयंतीला हार पडतो, भाषणे होतात. परंतु त्यांच्या आयुष्यातली एक बाजू भाषणांत सहसा येत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती कारभार द्यायला हे गृहस्थ एवढे तयार का झाले, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेकडे जावे लागते.

काढून टाकलेला विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावचा. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे आज इथे तर उद्या तिथे अशी बदली. पोरगा अंगाने दांडगा, अभ्यासात बेताचा, पण अन्याय दिसला की गप्प बसणारा नव्हता. अस्पृश्य म्हणून ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्यासाठी या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट आजही सांगितली जाते.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले. राजाराम हायस्कुलात नाव घातले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावे म्हणून एकामागून एक वसतिगृहे उभी करवली. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. आपापल्या जातीच्या बोर्डिंगात का होईना, पण पोरं शिकायला बाहेर पडली, हेच त्या वेळी फार मोठे होते.

१९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आले तर बोर्डिंगात पंचाईत उभी राहिली. तिकडे जाऊन आलास तर आंघोळ करून मग आत ये, असा तिथला दंडक. भाऊरावांनी नकार दिला. माणसांत बसून आलो, त्यात विटाळ कसला, एवढाच त्यांचा मुद्दा. बोर्डिंगाचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनी भाऊरावांना वसतिगृहातून काढून टाकले. शाहू महाराजांनी आसरा दिला म्हणून हा मुलगा रस्त्यावर आला नाही. शिक्षण मात्र पुढे फारसे सरकले नाही. मॅट्रिकचा उंबरठा त्यांनी ओलांडलाच नाही.

आता बघा, काय घडले ते. मुलगा तिथे राहतो, तिथे जेवतो, तिथे झोपतो. पण तिथले नियम करताना त्याला कुणी विचारलेले नाही. नियम का चुकीचा आहे हे मांडायला त्याला जागा नाही. एका नकारासाठी त्याची पथारी बाहेर. भाऊरावांनी पुढे जे बोर्डिंग उभे केले ते या बोर्डिंगाच्या अगदी उलट, हा काही योगायोग म्हणता येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माणूस पुरता कळत नाही. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. लठ्ठ्यांना त्यात गुंतवण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्याने आपल्याला बाहेर काढले त्याचा हिशेब चुकता करायची अशी संधी कुणी सोडली असती? भाऊरावांना तुरुंगात टाकले, छळले, जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत वेळ आली आणि तसा प्रयत्नही त्यांनी केला. पण खोटी साक्ष दिली नाही. लठ्ठ्यांशी वैर नव्हते, भांडण होते ते दंडकाशी.

कंदील, नांगर आणि गावोगावची पायपीट

त्यानंतर पोटापाण्याचा उद्योग. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, पाटील मास्तर म्हणून नाव झाले. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने सगळा मुलूख पालथा घातला. पुढे कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, मतभेद झाले तेव्हा बाहेर पडले.

नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तिथे बसून भाऊरावांनी जे पाहिले ते कुठल्या पुस्तकात नव्हते. पोरगं हुशार आहे, पण गुरांमागे आहे. चौथीपर्यंत शाळा आहे, पुढची शाळा वीस कोसांवर. तिथे राहायचे कुठे, खायचे काय? आणि अस्पृश्याच्या पोराला तर गावच्या शाळेतही उंबऱ्याबाहेर बसवतात. शाळा काढून भागणार नाही, आधी राहण्या-खाण्याची सोय हवी, हे त्यांनी तिथे हेरले. १९१० च्या सुमारास दूधगावात सवंगड्यांसह वसतिगृहाचा एक प्रयोग झालेलाच होता. आता मोठी उडी घ्यायची होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. नावातच सगळे आले. राजाची नव्हे, सरकारची नव्हे, रयतेची संस्था. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढवणे, त्यांना काटकसर, स्वावलंबन आणि अंगमेहनत शिकवणे, ही उद्दिष्टे तिने पहिल्यापासून पुढे ठेवली. पुढे १९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग तिथे सुरू झाले. साताऱ्याची धनिणीची बाग या बोर्डिंगाने नावारूपाला आली.

जाते पोरांचे, चूल पोरांची

वाचकहो, या बोर्डिंगात पगारी आचारी, पाणक्या, झाडूवाला असा लवाजमा नव्हता. नेमायला पैसा नव्हता हे खरे, पण एवढेच कारण नव्हते. दळण पोरांनी दळायचे, पाणी पोरांनी भरायचे, भाकऱ्या पोरांनी थापायच्या, कोरड्यास पोरांनी शिजवायचे, भांडी पोरांनी घासायची. शेतातले कामही पोरांकडे. पाळ्या लावलेल्या, आणि पाळी कुणाला चुकत नव्हती. पाटलाचा पोरगा असो की महाराचा, आज त्याची चुलीची पाळी तर उद्या याची. थोरल्या मुलांनी धाकट्यांकडे बघायचे, कामे वाटायची, धान्य किती आले आणि किती संपले यावर नजर ठेवायची.

आज हे वाचताना कुणाला वाटेल, त्यात काय विशेष, हॉस्टेलात पोरं कामे करतातच. पण १९२४ साल डोळ्यांसमोर आणा. त्या काळी गावात अस्पृश्याच्या हातचे पाणी कुणी घेत नव्हते. इथे त्याच पोराच्या हातची भाकरी सगळी पंगत खात होती. पोरांना घरून काय काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना करा. सुट्टीत घरी गेल्यावर आजी विचारणार, कुणाच्या हातचं खाल्लंस रे? या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस त्या दहा-बारा वर्षांच्या पोराला स्वतःच गोळा करावे लागत होते. भाऊरावांनी पंगतीचा नियम भिंतीवर लिहून लावला असता तर तो चार दिवसांत मोडला असता. त्यांनी पंगत मांडण्याचे कामच पोरांना दिले, आणि स्वतःच्या हाताने मांडलेली पंगत पोरांना मोडवेना.

यातली खरी मेख इथे आहे. ज्याच्या हाती पिठाचा डबा असतो त्याला पीठ किती उरले ते ठाऊक असते. बोर्डिंगात धान्य कमी पडले तर ते अण्णांनी जाहीर करण्याआधी कोठीवरच्या पोराला कळत होते. मग कमी खायचे, की आणखी कुणाच्या दारात जायचे, हा विचार त्यालाही करावा लागत होता. घरच्या कर्त्या माणसाला जी काळजी असते, ती काळजी वाटून घेतल्यावरच पोरगं कर्ते होते. हे मॅट्रिकचा उंबरठा न ओलांडलेल्या भाऊरावांना पक्के उमगले होते.

लक्ष्मीबाईंचा वाटा

हे सगळे सांगताना लक्ष्मीबाईंना विसरलो तर पाप लागेल. कुंभोजच्या खात्यापित्या पाटील घराण्यातली ही मुलगी भाऊरावांच्या संसारात आली आणि तिचा संसार म्हणजे हे बोर्डिंग झाले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईने सगळ्या जातींची पोरं आपली मानली. अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, पोरांच्या पोटात गेले. एकदा अण्णा गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही, तेव्हा या माउलीने गळ्यातले मंगळसूत्रही विकायला काढून दिले. १९३० साली त्या गेल्या. पोरांच्या हाती चूल देणे बोलायला सोपे असते, त्या चुलीवर ठेवायला काहीतरी आणावेही लागते. ते आणणारे हात पुष्कळदा लक्ष्मीबाईंचे होते.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सगळ्या जातींची मुले एका चुलीवरचे खातात, हे गांधीजींना विशेष वाटले. १९३३ पासून हरिजन सेवक संघाकडून दरसाल पाचशे रुपयांची मदतही मिळू लागली. १९३२ मध्ये पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. जात पाहून निघालेल्या बोर्डिंगातून हाकललेल्या पोराने जात न पाहणारी बोर्डिंगे उभी केली ती अशी.

कष्टाची कमाई, हक्काचे शिक्षण

१९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय आहे, आणि त्याच्या बदल्यात मुलाने काम करायचे. ‘कमवा आणि शिका’ ही आज सगळीकडे सरकारी योजना म्हणून ओळखीची झालेली गोष्ट तिथे रोजच्या आयुष्याचा भाग होती. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात आले, १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज.

यामागचा विचार नीट समजून घ्या. फुकट मिळालेल्या जेवणावर बोलायला माणूस बिचकतो. उपकार घेणाऱ्याने तोंड उघडायचे नसते, ही आपली रीत. पण मी घाम गाळला, दगड वाहिले, भाजी पिकवली, तर ही शाळा माझी आहे, तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, असे पोराला वाटते. भाऊरावांनी गरिबाच्या पोराला भीक घातली नाही. त्याला हक्क मिळवायची वाट दाखवली.

अण्णांचा शब्द

पण खरे तेच सांगायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अण्णा हे काही मतपेटी मांडून बसणारे गृहस्थ नव्हते. दाढीवाला, धिप्पाड, आवाजाचा दरारा असलेला माणूस. पोरं त्यांना बापासारखी भीत आणि बापासारखेच मानत. मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की बोर्डिंगात अण्णांचाच शब्द शेवटचा. पोरांना काम मिळाले, भरवसा मिळाला, जबाबदारी मिळाली. पण अण्णांचा निर्णय फिरवायचा अधिकार मिळाला होता, असे कुणी म्हणू नये. शिवाय हे राज्य पोरांचे होते, पोरींचे नव्हे. गावच्या मुलींसाठी तशी दारे उघडायला पुढे वेळ लागला.

मग या माणसाकडून शिकायचे काय? तर हे बघा. बाप कितीही मोठा असला तरी तो घर कुणाच्या नावावर करतो, यावरून त्याची पारख होते. अण्णांनी संस्था मुलाबाळांच्या नावावर केली नाही. बोर्डिंगात दळण दळलेल्या, भाकऱ्या थापलेल्या पोरांतूनच त्यांनी शिक्षक घडवले, मुख्याध्यापक घडवले आणि आजीव सेवक, म्हणजे लाइफ मेंबर म्हणून त्यांना संस्थेच्या कारभारात बसवले. पी. जी. पाटील यांचेच उदाहरण घ्या. गरिबाघरचा हा मुलगा बोर्डिंगात वाढला, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आला आणि बाहेर पैसा मिळवायचे सोडून संस्थेतच प्राध्यापकी, प्राचार्यपद करत राहिला. पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. काल पाळीने चूल पेटवणारा पोरगा उद्या संस्थेचा कारभारी, ही साखळी अण्णांनी जोडून दिली.

१९५९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेला माणूस डॉक्टर झाला, म्हणून गावोगाव आनंद झाला. आणि ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी साताऱ्यात, संस्थेच्याच आवारात आहे. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. वडाची पारंबी जमिनीला टेकते आणि स्वतःच खोड होते. त्यांच्या पोरांचेही तसेच झाले.

आता आपल्या गावाचे

भाऊराव गेल्यावर काळ पुष्कळ पुढे आला. मुलांना त्यांच्या बाबतीतल्या गोष्टींवर मत मांडायचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात लिहिले गेले आणि १९९२ साली भारताने तो मान्य केला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातून गावोगाव शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, हे कायद्यात आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांनाही या समितीत बोलवायची सोय ठेवली आहे. शाळाशाळांतून बालसभा भरतात, शालेय मंत्रिमंडळ निवडले जाते, पंतप्रधान, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री अशा बिल्ल्यांचे वाटप होते.

वाचकहो, बिल्ला वाटणे सोपे आहे. आरोग्यमंत्री झालेल्या सातवीतल्या मुलीने स्वच्छतागृहाला पाणी नाही असे सांगितले, तर ते कुठल्या वहीत लिहिले जाते? त्याचे पुढे काय झाले हे तिला परत येऊन कोण सांगते? समितीच्या बैठकीत ती मुलगी खुर्चीवर बसते, की चहा आणून देते? कागदावर तिचे नाव असते आणि सही मात्र दुसऱ्याची, असे तर होत नाही ना? हे प्रश्न कुणा एका शाळेला उद्देशून नाहीत, ज्याने त्याने आपापल्या गावात विचारून बघावेत.

फार मोठे काही करायला नको. पुढच्या बैठकीला एक करा. तक्रारीचा विषय मोठ्यांनी काढण्याआधी पोरांना बोलू द्या. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, याची नोंद दोन मुलांना दाखवा आणि त्यांनाही मांडायला शिकवा. बागेला पाणी घालायची पाळी लावताना पाळीचा तक्ता पोरांनाच करू द्या. चुकतील, भांडतील, एखाद्या दिवशी रोपे सुकतील. सुकू द्या. साताऱ्याच्या बोर्डिंगातही सगळ्याच भाकऱ्या गोल झाल्या नसतील.

येत्या जयंतीला हार घालायला जाल तेव्हा फोटोकडे बघताना एवढे आठवा, की या माणसाला पोरवयात न विचारता घराबाहेर काढले होते. आणि हार घालून परत फिरताना दारात उभ्या असलेल्या एखाद्या पोराला थांबवून विचारा, बाळा, शाळेत काय बदलायला हवं? मग मात्र उत्तर पुरते ऐकून घ्या, मध्येच तोडू नका.